पानफेरीचा भादवा

भादवा अर्ध्यावर आला की आमच्या कॉलेजकडे जाणारा रस्ता दोन्ही कडांनी पिवळा होतो. तरोटा फुलतो. त्याच्या मागं सोयाबीनची पानं पिकायला लागलेली असतात आणि तुरी अजून हिरव्यागार, कंबरेएवढ्या. जीप शेलूबाजार सोडून पुढं निघाली की उघड्या बाजूनं वारा आत येतो. ओल्या काळ्या मातीचा, कुजत्या गवताचा आणि लांबच्या कुठल्यातरी फवारणीचा एकत्र वास त्याला असतो. परवा मी अशीच जीपमध्ये बसले होते. ड्रायव्हर म्हणाला, "मॅडम, औंदा तरोटा लय माजला."

"माजू द्या," मी म्हणाले.

त्यानं आरशातून माझ्याकडं पाहिलं. शेतकऱ्यांच्या मुलखात तणाला आशीर्वाद देणारी बाई त्याला पहिल्यांदाच भेटली असावी. त्याला काय सांगणार? हा पिवळा रंग दिसला की मला तीन वर्षांपूर्वीचा भादवा आठवतो, आणि गर्दीच्या जीपमध्ये अंग चोरून बसलेली असले तरी माझी मान ताठ होते.

पुण्या-नागपूरच्या माणसाला आमचं कॉलेज जुनं वाटणार नाही. आमच्या तालुक्यात मात्र त्याच्याइतकं जुनं दुसरं नाही. पहिले वर्ग एका बंद पडलेल्या जिनिंगच्या टिनाखाली भरले. तेव्हाची मुलं घरी जायची ती केसांत सरकी आणि कपाशीचे तंतू घेऊन. मग आसपासच्या गावांनी बैलगाड्यांतून दगड आणून टाकले आणि टेकाडावर इमारत उभी राहिली. पहिल्या तुकडीला बसायला बाक नव्हते, म्हणून आजही पहिल्या वर्षाचा पहिला तास सतरंजीवर होतो. कलेक्टरचा मुलगा आला तरी सतरंजीवरच. मी विद्यार्थिनी म्हणून त्या सतरंजीवर बसले, आता शिकवायला त्याच सतरंजीसमोर उभी राहते, आणि दोन्ही वेळा माझ्या पायांना मुंग्या आल्या.

पण आमच्या वनस्पतिशास्त्र विभागाची खरी परंपरा म्हणजे पानफेरी. ती पाठक सरांनी सुरू केली. ते नागपूरहून एका वर्षासाठी म्हणून आले आणि निवृत्त होईपर्यंत इथंच राहिले. "ज्याला आपल्या बांधावरचं झाड माहीत नाही, त्याला मी परदेशातलं झाड शिकवणार नाही," असं ते म्हणत. भादव्यात दुसऱ्या वर्षाच्या प्रत्येकानं आपल्या गावच्या शिवारातून एक वनस्पती आणायची, वर्तमानपत्रात दाबून वाळवायची, जाड कागदावर टाचायची आणि खाली माहिती लिहायची. शास्त्रीय नाव, गाव, आणणाऱ्याचं नाव. त्यात एक रकाना स्थानिक नावाचा. ते पुस्तकातून घ्यायचं नाही, गावात कोणाला तरी विचारून लिहायचं, अशी सरांची सक्त ताकीद. सर्वात खाली शेवटचा रकाना: ओळख पटवणारा. होस्टेलच्या मुलींच्या गाद्यांखाली या दिवसांत वर्तमानपत्रांच्या घड्या असायच्या. कूस बदलली की कागद वाजायचा आणि सगळ्या खोलीला वाळत्या पानांचा गोडसर वास यायचा.

अशी वर्षानुवर्षांची पानं एका मोठ्या कपाटात साठत गेली. सर निवृत्त झाले. पानफेरीची पुढं सहल झाली, सहलीत डबे आले, आणि काही वर्षांनी तीही थांबली. मुलं बाजारातून तयार फायली आणू लागली. स्थानिक नावाचा रकाना कोराच राहू लागला. कपाट उघडलं की डांबरगोळ्यांचा वास नाकात जायचा आणि आम्ही ते लगेच बंद करायचो.

तीन वर्षांपूर्वी प्राचार्यांनी मला बोलावलं. तेही आमच्याच कॉलेजचे जुने विद्यार्थी, माणूस वाईट नाही, पण व्यवहारी.

"मॅडम, संगणकासाठी खोली पाहिजे. दसऱ्यानंतर विद्यापीठाची समिती येणार आहे. ते कपाट मागच्या गोदामात हलवू."

"सर, गोदामात वाळवी आहे."

"मग काय करू? अर्ध्याच्या वर कागदांवर नाव नाही. नाव नसलेल्या पानाचा उपयोग काय?"

ते खरं होतं. मी एवढंच म्हणाले, "समिती येईपर्यंत मला मुदत द्या. नावं लिहून काढते." त्यांनी मुदत दिली. जिना उतरताना माझ्या लक्षात आलं की आपण काय कबूल करून बसलो. शास्त्रीय नावं मी पुस्तकं लावून शोधली असती. पण इथली, या मातीतली नावं मला कोण सांगणार होतं?

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेच्या टेबलांवर मी कागद पसरले आणि दुसऱ्या वर्षाच्या मुलांना बोलावलं. बहुतेक मुलं कागद चाळून पुढं सरकली. एक मुलगी मात्र एका कागदापाशी थांबली. प्रणाली तिचं नाव. वर्गात मागच्या बाकावर बसायची, हजेरीपलीकडे तिचा आवाज मी ऐकला नव्हता.

"मॅडम, हे तं कुंजरू हाये."

"तुला कसं माहीत?"

ती खाली पाहत म्हणाली, "माही माय निंदाले जाते. मजुरीनं. सुट्टीत मीबी जातो."

"अजून किती ओळखशील?"

"मले धा-बारा येतात." आणि मग पहिल्यांदाच मान वर करून, "मायले सारे येतात."

त्याच आठवड्यात झड लागली. चार दिवस आभाळ उघडलं नाही, वावरात पाय ठेवला की घोट्यापर्यंत रुतत होता, तण काढायचं निंदण बंद पडलं. म्हणून पंचफुलाबाई येऊ शकल्या. डोक्यावर खताच्या रिकाम्या पोत्याची खोळ, हातात चपला, मागं प्रणाली.

"जयभीम, मॅडम," त्या दारातूनच म्हणाल्या.

"जयभीम. आत या, चपला घालून या."

"चिखल हाये ना वो. तुमची फरशी खराब होईन."

स्टुलावर त्या बसल्या नाहीत, उभ्याच राहिल्या. मी पहिला कागद पुढं केला. त्यांनी तो बराच वेळ पाहिला. दुसरा पाहिला, तिसरा पाहिला. वर्गातली पोरं वह्या उघडून भोवती उभी होती. दहा कागद झाले, पंचफुलाबाईंच्या तोंडून एक नाव निघालं नाही.

"माय, पाह्य ना नीट," प्रणाली कुजबुजली. तिचे कान लाल झाले होते.

"काय पाहू? हे तं वाळून गेलं सारं. मेलेलं हाये हे. मले जित्तं ओळखू येते." त्यांनी पदर सावरला. "मॅडम, माफ करा. पोरीनं उगीच तुमाले सांगतलं."

त्या निघाल्याच होत्या. मी अडवायला काय बोलावं याचा विचार करत होते, तेवढ्यात त्यांचं लक्ष टेबलाच्या कडेच्या कागदाकडे गेलं. तो चुकून उलटा ठेवला गेला होता. पान खाली, मूळ वर. पंचफुलाबाई थांबल्या. त्यांनी त्या मुळावरून हळूच बोट फिरवलं.

"हा माका हाये."

मी खालचं शास्त्रीय नाव वाचलं. माकाच होता.

त्यांनी दुसरा कागद स्वतःच उलटा फिरवला. "हे केना. गाठीगाठीले मुळ्या फुटते, पाह्या." तिसरा. "ही पाथरी." चौथा. "कुंजरू. पोरगी बरोबर बोलली." मग आमच्याकडं वळून म्हणाल्या, "निंदनारीचं ध्यान मुळाकडं राह्यते, मॅडम. वरचं तोडलं तं आठ दिसांत पुन्हा उगोते. मुळासगट निंगालं पाह्यजे."

त्यानंतर पोरांची जी धांदल उडाली! एक कागद उलटा करतोय, एक नाव लिहून घेतोय, एक ते मोठ्यानं वाचतोय. घोळ, चिवळ, आघाडा, कुर्डू, काठेमाठ. खिडकीबाहेर पाऊस कोसळत होता आणि आत गाव गोळा झाल्यासारखी नावं येत होती. मध्येच कधीतरी पंचफुलाबाई स्टुलावर बसल्या. कोणी सांगितलं नाही, त्यांच्याही लक्षात आलं नाही.

दुपारी त्यांनी एक गठ्ठा बाजूला सारला. "या रोपायचं मूळ कोनं कापलं?"

"कागदावर मावत नव्हतं, म्हणून कापलं असेल," मी म्हणाले.

"मंग हे बसल्या जागी जमनार नाही. यायची जित्ती भेट घ्या लागन."

अशी आमच्या कॉलेजची पानफेरी कितीतरी वर्षांनी पुन्हा निघाली. दुसऱ्या दिवशी सकाळी पाऊस ओसरला होता. पँटी गुडघ्यापर्यंत वर, ओढण्या कमरेला, बिनमुळाचे कागद प्लास्टिकच्या पिशव्यांत, आणि सगळ्यांच्या पुढं हातात खुरपं घेतलेल्या पंचफुलाबाई. कॉलेजमागच्या नाल्याकाठी त्या वाकायच्या, एक रोप मुळासकट उपटायच्या, माती झटकायच्या आणि नाव सांगायच्या. मागोमाग त्याची सगळी हकिकत. हे बैल तोंडात धरत नाही. याची भाजी कोवळी असली तरच. हे तुरीत येते, सोयाबीनमंधी येत नाही. मुलं हातातल्या कागदांशी ते रोप ताडून पाहायची, आणि जुळलं की कोणीतरी ओरडायचं, "सापडलं!" ती आरोळी टेकाडावरच्या वर्गांत ऐकू जायची. तिसऱ्या दिवशी इतिहासाची चार मुलं तास सोडून आमच्यात सामील झाली. त्यांच्या सरांनी माझ्याकडं तक्रार केली आणि चौथ्या दिवशी स्वतःच आले.

मग ऊन पडलं, वाफसा झाला आणि निंदण सुरू झालं. गठ्ठा अजून अर्धा बाकी होता. मी प्रणालीला म्हणाले, आता कसं करायचं? तिनं घरी विचारलं आणि निरोप आणला: "माय म्हन्ते, तुमीच या ना वावरात. मी निंदता निंदता सांगतो."

आम्ही गेलो. सकाळी लवकर, कॉलेज भरायच्या आधी. तुरीच्या ओळींत दहा-बारा बाया वाकलेल्या, आणि त्यांच्या मागं वह्या घेतलेली पोरं. आधी त्या बाया हसल्या. मग एकीनं पंचफुलाबाईंचं एक नाव खोडून काढलं. "त्याले आमच्याकडं कोंबडा म्हनतात, तू कुर्डू काहून सांगून राह्यली?" ती किन्हीराजा गावाकडची होती. वाद रंगला. शेवटी मी दोन्ही नावं लिहिली, पुढं दोन्ही गावं लिहिली, तेव्हा कुठं ओळ पुढं सरकली.

त्याच वावरात माझी एक लबाडी उघडी पडली. एका विद्यार्थ्यानं कागद वाचला, "स्थानिक नाव, सुवर्णफुली." पंचफुलाबाईंनी मान वर केली.

"हे नाव कोनं देल्लं? असं नाव आमच्या इकडं नाही. दाखो." त्यांनी कागद पाहिला, वाळलेलं फळ पाहिलं. "ही पेटारी हाये."

सगळ्या बाया खळखळून हसल्या. "सुवर्नफुली म्हने!"

ते अक्षर माझं होतं. मी विद्यार्थिनी असताना आणलेला तो कागद. आमच्या घरी शेती मोठी. त्या भादव्यात मी निंबाच्या झाडाखाली खुर्ची टाकून अभ्यास करत होते, आणि तीसेक पावलांवर निंदणाऱ्या बायांची ओळ होती. उठून विचारायचं मला सुचलं नाही. मी कानाला गोड लागेल असं नाव मनानंच बनवलं आणि त्याला पैकीच्या पैकी गुण घेतले. इतकी वर्षं ते खोटं नाव त्या कपाटात माझ्या सुवाच्य अक्षरात पडून होतं.

"मीच दिलं ते," मी म्हणाले. पोरांसमोर म्हणाले. हसू थांबलं. मला वाटलं, आता ही मुलं माझ्याकडं कशी पाहतील.

पंचफुलाबाईंनी खुरपं मातीत खोवलं. "तवा इचारलं नाही, आता इचारलं. झालं ना मंग? लिहा, पेटारी." आणि त्या पुढच्या ओळीला लागल्या.

दसऱ्याच्या आधी सगळे कागद झाले. मी नवीन चिठ्ठ्या लिहिल्या आणि शेवटच्या रकान्यात, ओळख पटवणारा या शब्दांपुढं, लिहिलं: पंचफुला गौतम इंगोले, निंदणारी. प्राचार्यांनी ते पाहिलं आणि चष्मा काढला.

"मॅडम, या रकान्यात प्राध्यापकाचं नाव असतं. ही रीत आहे."

"सर, ओळख त्यांनी पटवली."

"समिती विचारेल, या कोण? शिक्षण काय?"

"चौथी."

"मग काय सांगाल?"

"त्यांना बोलावून घेईन."

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "जबाबदारी तुमची," म्हणाले. मी हो म्हणाले. कपाट राहतं की गोदामात जातं हे त्या एका दिवसावर होतं, आणि मी तो दिवस अधिकच अवघड करून ठेवला होता.

समिती आली. अध्यक्ष होत्या पांढऱ्या केसांच्या एक बाई, वनस्पतिशास्त्राच्याच. कमी बोलणाऱ्या. त्या एकेक कागद भिंगातून पाहत पुढं जात होत्या. दोन कागदांपाशी थांबल्या.

"दोन्हींवर शास्त्रीय नाव एकच आहे. मग स्थानिक नावं वेगळी का? इथं भुईआवळी आणि इथं खरखरी भुईआवळी?"

"शास्त्रीय नाव जुनं आहे, मॅडम. पंचफुलाबाई म्हणतात की या दोन वेगळ्या आहेत. मी त्या म्हणाल्या तसं लिहिलं."

"कोण पंचफुलाबाई?"

त्या बाहेर व्हरांड्यात होत्या. ठेवणीतलं निळं लुगडं नेसून आल्या होत्या, आणि त्यांच्या मागं जवळजवळ अख्खा वर्ग उभा होता. त्या आत आल्या. अध्यक्षांनी दोन्ही कागद त्यांच्यापुढं ठेवले. "तुम्ही यांना वेगळं का म्हणता?"

"वेगळ्याच हायेत, म्हनून म्हन्तो." पंचफुलाबाईंनी एकेका कागदावर बोट ठेवलं. "ही चावली तं कडू जहर. ही तेवढी कडू नाही. हिचा दांडा लालसर राह्यते. अन् हिचं बारकं फळ चिमटीत धरा. खरखरते. तिचं गुळगुळीत राह्यते. हाताले समजते ना."

अध्यक्षांनी भिंग घेतलं. आधी एका फळावर धरलं, मग दुसऱ्यावर. पुन्हा पहिल्यावर. प्रणालीनं माझ्या साडीचा काठ धरला होता, तिला ते कळत नव्हतं.

"बाईंचं बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "फळावर बारीक खवले आहेत. या दोन जाती आहेत. तुमच्या कपाटातलं शास्त्रीय नाव चुकलेलं आहे."

मग प्राचार्य, आमचे व्यवहारी, नेमकं शुद्ध बोलणारे प्राचार्य, मोठ्यानं म्हणाले, "मंग बदलवा ना ते नाव, मॅडम! पाहून काय राह्यल्या?" आणि व्हरांड्यात टाळ्या सुरू झाल्या. मुलं बाकांवर मारतात तसे हात भिंतींवर, दारावर, खिडकीच्या गजांवर आपटत होती. त्या जुन्या इमारतीत एवढा आवाज मी गॅदरिंगलाही ऐकला नव्हता.

दुरुस्तीची नवी चिठ्ठी मी लिहिली. अध्यक्षांनी खाली स्वतः सही केली नाही, पेन पंचफुलाबाईंच्या हातात दिलं. त्यांनी पूर्ण नाव लिहिलं, एकेक अक्षर, वेलांटी उकार सगळं जागच्या जागी. किती वेळ लागला कोण जाणे. सगळे उभे होते.

कपाट हललं नाही. आता तशी तीन कपाटं आहेत, आणि संगणक वाचनालयाशेजारच्या खोलीत सुखानं नांदतात. पानफेरी कॉलेजच्या वार्षिक कार्यक्रमात छापून येते. प्रणाली अमरावतीला एम.एस्सी. करते आहे आणि या दिवसांत दोन दिवस तरी येऊन जाते. तिचं स्वतःचं भिंग आहे, गळ्यात दोरीनं बांधलेलं. पंचफुलाबाई अजूनही निंदायला जातात. पण पानफेरीच्या दिवशी त्यांना न्यायला कॉलेजची गाडी जाते, आणि कधीकधी प्राचार्य स्वतः त्या गाडीत असतात.

यंदाची पानफेरी गेल्या शुक्रवारी झाली. नाल्याच्या पलीकडं एका मुलाला एक रोप दिसलं, जांभळट बारीक फुलं, केसाळ पानं. त्यानं पंचफुलाबाईंना हाक मारली. त्यांनी ते मुळासकट उपटलं, मूळ पाहिलं, पान चुरून वास घेतला. पुन्हा मूळ पाहिलं. मुलं वह्या सरसावून उभी होती.

"नाही बाप्पा," त्या म्हणाल्या. "हे मले माहीत नाही."

पानफेरीत असं याआधी कधी घडलं नव्हतं. मला वाटलं, त्यांना ओशाळं वाटेल. पण त्यांचा चेहरा तर उजळला होता, लहान पोरीला जत्रेत नवीन काही दिसावं तसा.

"कुठून आलं व माय हे? नवंच हाये! आता मी नाही सांगत. तुमी जा आपापल्या घरी. माय आसन, आजी आसन, बाप आसन, ढोरं राखनारा आसन. साऱ्यायले इचारा."

शनिवार-रविवार गेला. सोमवारी मी हजेरीपत्रक उघडलं तर वर्ग अख्खा उभा. किन्हीराजाच्या मुलीची आजी म्हणाली होती की याला रानलेंडी म्हणतात. मंगरूळपीरहून बसनं येणाऱ्या मुलाच्या चाचानं वेगळंच नाव सांगितलं होतं. एकाच्या काकूनं तिसरं. बाकीच्यांना नाव मिळालं नव्हतं, पण प्रत्येकानं कोणाला तरी विचारलं होतं, आणि ते कोण हे सांगितल्याशिवाय कोणी खाली बसायला तयार नव्हतं. मी फळ्याच्या एका बाजूला झाडाची नावं लिहिली, तीन. दुसऱ्या बाजूला, ज्यांना विचारलं त्यांची. तुळसाबाई. रुस्तमचाचा. गिरजा आजी. देवकाबाई. यशोधरा काकू. हात भरून आला तरी नावं संपेनात.

त्या रोपाचं नाव अजून ठरलेलं नाही. फळा मात्र पुरला नाही. उरलेली माणसं मी खडूनं भिंतीवर लिहिली.